चाळीस ट्रेलरवाल्यानं दोन रेक घ्यावेत का?

प्रश्न असा आहे: "नागपुरात आमचे चाळीस ट्रेलर आहेत. निर्यातीचे कंटेनर न्हावा शेवाला पोचवतो, परत येताना मिळेल ते आणतो. डिझेल आणि ड्रायव्हर या दोघांनी जीव नकोसा केलाय. दोन रेक भाड्यानं घेऊन स्वतःची कंटेनर ट्रेन कंपनी सुरू केली तर चालेल का? छोट्या कंपनीत प्रत्यक्ष काम केलेल्या माणसानं सांगावं."

मी रेल्वेचा नोकर कधीच नव्हतो. पण बावीस वर्षं कंटेनर गाड्यांच्या ऑपरेशनमध्ये काढली. त्यातली सात वर्षं ज्या कंपनीत होतो तिच्याकडे तीनच रेक (रेक म्हणजे एका अख्ख्या मालगाडीच्या वॅगन) होते, त्यामुळे तुमचा प्रश्न मला आतून माहीत आहे. नाव घेत नाही. ती कंपनी पुढे विकली गेली.

आधी एक गैरसमज काढू. छोटी रेल्वे कंपनी म्हटलं की सोलापूरकडच्या जुन्या माणसांना बार्शी लाइट आठवते. 1897 मध्ये बार्शी रोडपासून, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपासून, बार्शीपर्यंत अडीच फुटी गेजची गाडी सुरू झाली. पुढे ती पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत गेली. रूळ कंपनीचे, इंजिनं कंपनीची, स्टेशनमास्तरही कंपनीचाच. 1954 मध्ये सरकारनं ती ताब्यात घेतली. तशी कंपनी आज तुम्हाला काढता येणार नाही. ब्रिटनमध्ये रूळ दुसऱ्याचे असले तरी छोटी मालगाडी कंपनी स्वतःचं इंजिन आणि स्वतःचा ड्रायव्हर घेऊन येते. आपल्याकडे तेही नाही. इंजिन रेल्वेचं, लोको पायलट रेल्वेचा, गार्ड रेल्वेचा (आता त्याला ट्रेन मॅनेजर म्हणतात), सिग्नल रेल्वेचा आणि गाडी केव्हा सोडायची हा निर्णयही रेल्वेचाच. तुमचं काय? वॅगन, टर्मिनलची व्यवस्था आणि गिऱ्हाईक. या ओढण्याच्या कामाचे रेल्वे पैसे घेते, त्याला हॉलेज म्हणतात. ते डब्याच्या, म्हणजे कंटेनरच्या, वजनाच्या टप्प्यावर आणि अंतरावर ठरतं. दर रेल्वे ठरवते, तुम्ही फक्त भरता.

ही सोय आली 2006 च्या धोरणानं. त्याआधी 1989 पासून कंटेनर गाड्या एकट्या कॉनकॉरच्या, म्हणजे सरकारी कंटेनर कंपनीच्या, होत्या. जानेवारी 2007 मध्ये खासगी कंपन्यांनी रेल्वेशी करार केले. मुदत 20 वर्षं, पुढे 10 वर्षं वाढवता येईल अशी. मुंबईची बंदरं ते दिल्ली परिसर हा सर्वात मलईदार पट्टा धरून देशभर चालवायचं तर परवान्याचे 50 कोटी, बाकीच्या ठरावीक पट्ट्यांना 10 कोटी. पंधरा-सोळा जणांनी परवाने घेतले. आम्हाला सगळ्यांना तेव्हा वाटलं होतं की पाच वर्षांत रस्त्यावरचा निम्मा माल रुळावर येईल. आला नाही. कोळसा, खनिजं यांसारखा रेल्वेचा हक्काचा माल कंटेनरमध्ये घालायला बंदीच होती. उरलेल्या मालावर आम्ही सगळे एकमेकांचे दर पाडत बसलो, आणि समोर स्पर्धेला सरकारचा निम्म्याहून अधिक वाटा असलेली, देशभर टर्मिनलं असलेली कॉनकॉर.

आता हिशेबाकडे येतो, कारण तुमचं उत्तर तिथंच आहे. खालचे रुपयांचे आकडे हिशेब समजण्यापुरते धरलेले आहेत. तुमचे वेगळे निघतील, पण गणित हेच राहील.

एका रेकमध्ये 45 वॅगन असतात. प्रत्येक वॅगनवर 20 फुटी दोन डबे, म्हणजे रेकला 90 टीईयू (20 फुटी एक डबा म्हणजे एक टीईयू). रेकचं भाडं, विमा, पगार, ऑफिस सगळं धरून दरमहा 30 लाख रुपये बसतात असं समजा. गाडी धावो न धावो, हे 30 लाख जाणारच. नागपूर ते न्हावा शेवा रुळानं साडेआठशे किलोमीटरच्या आसपास. देशातल्या मालगाडीचा सरासरी वेग ताशी 25 किलोमीटर धरला तर एका बाजूला 34 तास, जाऊन-येऊन 68. म्हणजे तीन दिवसही पुरे नाहीत. पण फेरी तीन दिवसांत होत नाही. सगळं नीट जमलं तर सहा दिवस लागतात, नाही जमलं तर साडेआठ.

सहा दिवसांची फेरी म्हणजे महिन्याला पाच फेऱ्या. जाऊन-येऊन 180 टीईयूची जागा, ती 80 टक्के भरली तर महिन्याला 720 टीईयू. 30 लाखांना भागा: डब्यामागे सुमारे 4,170 रुपये. आता फेरी साडेआठ दिवसांवर गेली. साडेतीन फेऱ्या, 504 टीईयू, डब्यामागे 5,950. दर फेरीला गाडी दोन्ही वेळा तेवढीच धावली, फक्त उभी जास्त राहिली. त्या उभं राहण्याचे डब्यामागे पावणेअठराशे रुपये लागले, आणि या धंद्यात डब्यामागे पावणेअठराशे रुपये नफा सुटला तर मालक पेढे वाटतो.

म्हणून मी नव्या पोरांना सांगायचो की आपण गाडी विकत नाही, फेरी विकतो. रेक किती आहेत हे मला कुणी सांगू नका, महिन्याला फेऱ्या किती होतात ते सांगा.

आता गाडी उभी राहते कुठं? बंदरात सर्वात जास्त. न्हावा शेवा हे एक बंदर नाही. त्यात चार-पाच कंटेनर टर्मिनलं आहेत, त्यांचे चालवणारे वेगवेगळे. मोठ्या ऑपरेटरच्या गाडीत एकाच टर्मिनलचे 90 डबे असतात. ती सरळ आत जाते, रिकामी होते, भरून बाहेर येते. तुमच्यासारख्याच्या गाडीत 25 डबे या टर्मिनलचे, 40 त्या टर्मिनलचे, उरलेले तिसऱ्याचे. मग गाडी एका यार्डातून दुसऱ्यात फिरवा, नाहीतर डबे ट्रेलरवर चढवून टर्मिनलांमध्ये इकडून तिकडे करा. दोन्हीत वेळ जातो. आमची एक गाडी जासई यार्डात 31 तास उभी होती, कारण आतल्या लाइनवर आधी एका टर्मिनलच्या पूर्ण गाड्या घेतल्या जात होत्या. त्यात कुणाची चूकही म्हणता येत नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

दुसरी जागा म्हणजे कसारा घाट. मुंबईकडून नागपूरला जाताना कसाऱ्यापासून इगतपुरीपर्यंत 1:37 ची चढण आहे. मागून बँकर इंजिनं लावल्याशिवाय भरलेली गाडी चढत नाही. बँकर मोकळे नसतील तर वाट पाहा. त्याच्या अलीकडे दिवा–कल्याण–कसारा हा पट्टा लोकलचा. सकाळी आणि संध्याकाळी गर्दीच्या वेळी मालगाडीला कोण विचारतं? पनवेलहून निघालेली गाडी चुकीच्या वेळी दिव्याला पोचली की चार तास गेलेच. त्यात क्रूची ड्यूटी संपली तर नवा क्रू येईपर्यंत गाडी लूपमध्ये, म्हणजे बाजूच्या लाइनवर. आमच्या ऑपरेशन डेस्कवरच्या माणसाचं निम्मं कौशल्य हेच, की रेल्वेच्या कंट्रोल रूमला कधी फोन करायचा आणि कधी गप्प बसायचं.

डेडिकेटेड फ्रेट कॉरिडॉर (फक्त मालगाड्यांसाठीचा वेगळा रेल्वेमार्ग) आला की हे सुटेल असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल, तर नकाशा बघा. पश्चिम कॉरिडॉर न्हावा शेवापासून वैतरणा, सुरत, वडोदरा, पालनपूर, रेवाडीमार्गे दादरीला जातो. तिथं दीड किलोमीटर लांबीच्या, एकावर एक डबे रचलेल्या गाड्या विजेच्या तारांखालून धावतात. दिल्लीवाल्यांसाठी ती चैन आहे. तुमची नागपूरची गाडी मात्र भुसावळ–मनमाड–इगतपुरी याच जुन्या मुख्य मार्गानं येणार, एक्स्प्रेस गाड्यांना वाट देत.

त्याच वेळी रस्ता बदललाय, आणि तो तुमच्या दारात बदललाय. समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा डिसेंबर 2022 मध्ये सुरू झाला आणि जून 2025 पासून पूर्ण 701 किलोमीटर खुला आहे. त्याआधी जुलै 2018 मध्ये केंद्रानं मालट्रकच्या ॲक्सलवर चालणारं वजन 20 ते 25 टक्क्यांनी वाढवलं. जड माल हा रेल्वेचा बालेकिल्ला होता, त्याच्या भिंतीला तिथंच भगदाड पडलं. तुम्ही ट्रेलरवाले असल्यानं त्याचा फायदा तुम्हीच घेतला असेल.

तरी नागपूरसारख्या अंतराला रेल्वे परवडते, विशेषतः जड 20 फुटी डब्यांना. यामागचं गणित मला अजून आवडतं. बीएलसी, म्हणजे कंटेनरसाठीच्या सपाट वॅगनची वहनक्षमता 61 टन. 20 फुटी डब्याचं कमाल वजन 30.48 टन, दोनांचे 60.96. वॅगन बनवणाऱ्यानं डबा समोर ठेवूनच ती बनवली. तांदूळ, फेरो ॲलॉय, पोलाद असा माल या वॅगनवर चपखल बसतो. चिंचवडहून न्हावा शेवाला मात्र रेल्वेनं नेण्याच्या फंदात मी पडणार नाही. एवढ्या थोड्या अंतरासाठी दोन वेळा क्रेननं डबा उचलायचा आणि दोन्हीकडे ट्रेलर लावायचा, तेवढ्यात रस्त्यानं जाणारा ट्रेलर परतसुद्धा येतो.

आता परतीचा माल. विदर्भातून बंदराकडे माल भरपूर जातो: गोंदिया-भंडाऱ्याचा तांदूळ, कापूस, सूत, पोलाद. बंदरातून विदर्भाकडे त्या मानानं थोडा येतो: भंगार, रद्दी कागद, यंत्रं. मग परत येताना गाडीवर जहाज कंपन्यांचे रिकामे डबे असतात, कारण पुढच्या निर्यातीला डबे नागपुरात हवेत. रिकाम्या डब्याला आणि रिकाम्या वॅगनलाही हॉलेज लागतं. 2019 च्या सुरुवातीपासून रेल्वेनं त्यावर 25 टक्के सवलत दिली, आणि 2020 च्या टाळेबंदीत काही आठवडे ते पूर्ण माफ होतं. पण एरवी खर्च आहेच. तेव्हा छोट्या कंपनीनं पहिला करार कुणाशी करायचा? सगळे निर्यातदाराकडे धावतात. मी म्हणेन, जहाज कंपनीकडे जा. "दर आठवड्याला तुमचे 60 रिकामे डबे नागपूरला पोचवतो, डब्यामागे एवढे द्या" हे तिच्याकडून लिहून घ्या. ते कागदावर आलं की परतीच्या हॉलेजचा मोठा भाग सुटतो आणि निर्यातदाराला दर सांगताना हात मोकळा राहतो. शिवाय डबे तुमच्याच गाडीनं आले, तर ते उचलायला निर्यातदार तुमच्याकडेच येतो.

तांदळावर एकट्यावर मात्र विसंबू नका. 20 जुलै 2023 ला केंद्रानं बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली. ती उघडली सप्टेंबर 2024 च्या अखेरीस. चौदा महिने. तुमचे ट्रेलर त्या काळात सिमेंट नाहीतर कांदा भरून दुसऱ्या वाटेला लागले असतील. रेकला तसं वळवता येत नाही. तो उभा राहतो, आणि रेल्वेच्या लाइनवर उभा राहण्याचंही भाडं लागतं.

पैशाचं आणखी एक, जे कुणी आधी सांगत नाही. हॉलेज गाडी सुटायच्या वेळीच भरावं लागतं. गिऱ्हाईक तुम्हाला 45 दिवसांनी देतो, तेही रडत. फेरीमागे 20 लाख हॉलेज समजा, दोन रेकच्या महिन्याला दहा फेऱ्या, म्हणजे दोन कोटी. दीड महिन्याच्या उधारीत तीन कोटी कायम अडकलेले. आमची कंपनी मालाअभावी बुडाली नाही. गाड्या भरून जात होत्या. मार्च महिन्यात बँकेनं कर्जाची मर्यादा वाढवायला नकार दिला आणि भरलेला रेक दोन दिवस टर्मिनलवर उभा राहिला, कारण हॉलेज भरायला खात्यात पैसे नव्हते. निर्यातदारांना ते कळायला एक दिवस लागला. तिथून उतरण सुरू झाली.

त्याच कंपनीतला एक प्रसंग सांगतो, कारण त्यातून निघालेली युक्ती फुकट देण्यासारखी आहे. बीएलसी वॅगन सुट्या नसतात, पाच-पाचचा संच असतो. दोन टोकांच्या वॅगनना नेहमीची कपलिंग, मधल्या तीन आपसात ड्रॉबारनं पक्क्या जोडलेल्या. असे नऊ संच म्हणजे रेक. एका मे महिन्यात मलकापूरच्या पुढे आमच्या गाडीत हॉट ॲक्सल निघाला, बेअरिंग तापलेलं. एक वॅगन आजारी, पण काढावे लागले पाचही. एका छोट्या स्टेशनच्या सायडिंगला दहा डबे सोडून गाडी पुढे गेली. तिथं डबा उचलायला ना क्रेन ना रीच स्टॅकर. दुरुस्ती होऊन ते दहा डबे न्हावा शेवाला पोचले तेव्हा जहाज जाऊन तीन दिवस झाले होते. सात डबे एकाच गिऱ्हाइकाचे होते. तो पुन्हा आला नाही.

पुढच्या वर्षी आम्ही दहावा संच भाड्यानं घेऊन ठेवला. पाच वॅगन बहुतेक काळ नुसत्या उभ्या दिसतात आणि हिशेबनीस दर महिन्याला नाक मुरडतो. पण एक संच आजारी पडला की रेक 80 टीईयूवर धावत राहत नाही, तो पुन्हा 90 होतो. मोठ्या कंपनीकडे शंभर रेक असतात, तिला असे सुटे संच कुठून ना कुठून मिळतात. दोन रेकवाल्याला ते आधीच बाजूला ठेवावे लागतात. छोटं असण्याची ही किंमत आहे आणि ती पहिल्या दिवसापासून हिशेबात धरावी लागते.

वजनाबद्दल थोडक्यात. जुलै 2016 पासून जहाजावर चढणाऱ्या प्रत्येक भरलेल्या डब्याचं पडताळलेलं वजन द्यावं लागतं, म्हणून निर्यातीत खोटं वजन कमी झालंय. देशांतर्गत मालात तसं नाही. सिमेंट, टाइल्स, पेंड भरणारे 26 टन सांगून 29 भरतात आणि वजनकाट्यावर दंड तुमच्या नावावर येतो. टर्मिनलवर स्वतःचा काटा असल्याशिवाय देशांतर्गत मालाला हात लावू नका.

मग करायचं काय? तुम्ही विचारलंय तसं, परवाना घेऊन दोन रेकची कंपनी, हे मी आज करणार नाही. दोन रेकमध्ये एक आजारी किंवा ओव्हरहॉलला गेला की तुमचं वेळापत्रकच संपतं. ठरलेल्या वारी गाडी सुटते हा विश्वास निर्यातदाराला द्यायला माझ्या अनुभवानं किमान चार रेक लागतात.

पण तुमच्याकडे एक गोष्ट आहे जी आमच्याकडे नव्हती. कारखान्याच्या दारापासून टर्मिनलपर्यंतचे चाळीस ट्रेलर आणि कारखान्याच्या डिस्पॅच क्लार्कशी ओळख. आम्ही गाडी आणली आणि मग पहिला-शेवटचा टप्पा करायला तुमच्यासारख्यांच्या दारात उभे राहिलो. हंगामात तुम्ही ट्रेलर दिले नाहीत की डबे टर्मिनलवर पडून. तेव्हा उलट्या बाजूनं सुरुवात करा. नागपूर भागातून आधीच ज्यांच्या गाड्या सुटतात, त्यांच्यापैकी एकाशी बोला. आठवड्याला ठरलेल्या एका गाडीत 30 डब्यांची जागा वर्षभरासाठी घ्या. भरली नाही तरी पैसे द्यायचे, असा करार करा. त्याशिवाय दर मिळणार नाही. दाराशी उचलणं तुमचं, बंदरापर्यंत नेणं त्यांचं, गिऱ्हाइकाला बिल एकच, तुमच्या नावाचं. लांबच्या फेरीवरचे ड्रायव्हर निम्मे कमी लागतील, आणि उरलेले रोज रात्री घरी जातील, म्हणून टिकतील. तुमचं मूळ दुखणं तेच होतं ना?

हे वर्षभर जमलं तर पुढची पायरी रेक नाही, जमीन. डिसेंबर 2021 च्या गतिशक्ती कार्गो टर्मिनल धोरणानं खासगी माणसाला रेल्वेलगत टर्मिनल उभारणं पुष्कळ सोपं झालंय. 2022 मध्ये रेल्वेच्या जमिनीचं वार्षिक भाडं बाजारभावाच्या दीड टक्क्यावर आणलं आणि मुदत 35 वर्षांपर्यंत नेली. टर्मिनल तुमचं असेल तर गाडी कुणाचीही येवो, उचलण्याचे आणि ठेवण्याचे पैसे तुमचेच. रेकवाले आपसात भांडून दर पाडतील तेव्हा तुम्ही बाजूला बसून काटा बघायचा.

त्याआधी एक काम करा. गेल्या बारा महिन्यांचं ट्रिप रजिस्टर काढा. प्रत्येक फेरीसमोर चारच गोष्टी लिहा: डबा 20 फुटी की 40, वजन किती, बंदरातलं टर्मिनल कोणतं, आणि परत येताना ट्रेलर भरलेला होता की रिकामा. तिसऱ्या रकान्यात एकाच टर्मिनलचं नाव निम्म्याहून जास्त वेळा आलं, तर 30 डब्यांचा करार त्या टर्मिनलला सरळ जाणाऱ्या गाडीतच करा. नावं विखुरलेली असतील तर आधी 15 डब्यांवर थांबा.